गडी, मोलकरीण, हुजऱ्या, मिंधा: हे शब्द वापरायला शिकताना

मराठीत नव्यानं लिहायला, भाषांतर करायला किंवा सबटायटलचं काम घ्यायला लागलेली मुलंमुली मला मजकूर तपासायला पाठवतात तेव्हा एक गोष्ट हमखास दिसते, कोणीही कोणाच्या हाताखाली काम करत असलं की तो 'नोकर', आणि कोणीही मान खाली घातली की तो 'नम्र', झालं काम. व्याकरण बरोबर असतं, पण वाचताना तो माणूसच दिसत नाही. आपल्या भाषेत ह्या एका विषयाला इतके शब्द आहेत की प्रत्येकात कोण कोणासाठी राबतोय, पैसे कसे मिळतायत, तो स्वतःहून वाकलाय की त्याला वाकवलंय, हे सगळं भरलेलं असतं, आणि म्हणून शब्द चुकला की नुसती शैली चुकत नाही, माणसावर अन्याय होतो. मी हे काम बरीच वर्षं करतेय, मला जे क्रमानं उपयोगी पडलं ते लिहितेय.

पायरी 1: आधी विचारा, मोबदला कसा मिळतो?

हा प्रश्न पहिला, कारण त्यावर अर्धे शब्द आपोआप गळतात.

मुळात 'नोकर' हा शब्द फारसीतून आला, आणि फारसीत तो मंगोल भाषेतून गेला, तिथे 'नोकोर' म्हणजे सोबती, साथीदार. सरदाराबरोबर घोड्यावर जाणारा साथीदार आपल्याकडे येईपर्यंत पाणी आणून देणारा झाला. 'गुलाम'चंही तसंच, अरबीत त्याचा अर्थ मुलगा, पोरगा. माणसाला खाली ढकलायचं असलं की आधी त्याला पोरगा करायचं ही फार जुनी रीत आहे आणि ती अजून गेलेली नाही, साठीच्या माणसाला 'ए पोऱ्या' म्हणून हाक मारणारे मी पाहिलेत.

आता मोबदला. महिन्याचा पगार असेल तर नोकर, गडी, कामवाली वगैरे. वर्षाचा करार असेल तर सालगडी, खानदेशात सालदार. बऱ्याच गावांत पाडव्याला साल ठरतं, काही रोख आणि काही धान्य, आणि वर्षभर तो माणूस त्या शेताशी बांधलेला. रोजच्या रोज मिळत असेल तर रोजंदारी, आणि गावाकडे बायका 'मजुरी करते' पेक्षा 'रोजानं जाते' असं म्हणतात, हा फरक संवाद लिहिताना लक्षात ठेवा. बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली घमेली वाहणारा तो बिगारी.

'बिगार' म्हणजे खरं तर बिनपैशाचं, जबरदस्तीचं काम. 'वेठ' म्हणजेही तेच, तो संस्कृत 'विष्टि'पासून आला. म्हणजे 'वेठबिगार' ह्या शब्दात एकच दुःख दोन भाषांत दोनदा सांगितलंय. ती पद्धत 1976 च्या कायद्यानं बंद झाली, पण 'वेठीला धरणं' भाषेत राहिलं आणि हल्ली ते बँकेच्या संपापासून ट्रॅफिकपर्यंत कशालाही लावतात. लावा, चालतं, पण एखाद्या कुटुंबानं कर्जापायी पिढी घालवली असं लिहिताना त्याच वाक्याच्या आसपास 'प्रवाशांना वेठीस धरले' येऊ देऊ नका.

ऊसतोडीचं वेगळं आहे. तिथे माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. पहिल्यांदा बीडकडच्या एका बाईंनी मला 'आमच्या घरातून दोन कोयते गेलेत' असं सांगितलं तेव्हा मला वाटलं अवजारांबद्दल बोलतायत, मग कळलं की एक कोयता म्हणजे नवराबायको मिळून एक जोडी, म्हणजे घरातली चार माणसं कारखान्यावर गेली होती. एकटाच गेला तर अर्धा कोयता. मुकादम सीझनच्या आधी जे पैसे देतो ती उचल, आणि ती फिटेपर्यंत फड सोडून जायची सोय नाही. हे शब्द बदलून 'कामगार दांपत्य' आणि 'ॲडव्हान्स' केलं तर अख्खी गोष्ट मरते. मूळ शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ गोष्टीतच उलगडा.

आणि एक, सगळंच बिनपैशाचं काम म्हणजे वेठ नाही. सावड म्हणजे आज आम्ही तुमच्या शेतात, उद्या तुम्ही आमच्या. इर्जिक म्हणजे गावानं मिळून एकाचं काम उरकायचं आणि त्यानं जेवण घालायचं. इथे कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही.

पायरी 2: माणसाला लेबल लावण्याआधी काम लिहून बघा

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी एकदा मुलीच्या शाळेचा फॉर्म घेऊन बसल्या, आईचा व्यवसाय असा रकाना होता, मी पेन टेकवून सरळ 'मोलकरीण' लिहायला घेतलं. त्यांनी 'मोल' पर्यंत वाचलं आणि हात धरला नाही पण बोट कागदावर ठेवलं आणि म्हणाल्या, ताई दुसरा शब्द नाही का हो, पोरगी स्वतः नेऊन देणारे हा कागद. मी खोडून 'घरकाम' लिहिलं. दोन दिवसांनी फॉर्म परत आला कारण शाळेतल्या क्लार्कनं 'घरकाम' म्हणजे गृहिणी असं वाचलं आणि मग पुढच्या रकान्यात उत्पन्न कसं काय म्हणून गोल केलं होतं. शेवटी 'घरकामगार' लिहिलं, तो शब्द मावशींनी दोनदा मोठ्यानं वाचला. कामगार, म्हणाल्या, म्हणजे मिलमधल्यासारखं. त्यांचे वडील मिलमध्ये होते.

तेव्हापासून मी आधी काम लिहून बघते. 'ती मोलकरीण होती' ऐवजी 'ती चार घरची धुणीभांडी करायची'. 'त्यांच्याकडे नोकर होता' ऐवजी 'झाडलोट आणि बाजारहाट करायला एक माणूस यायचा'. कामाला आपल्याकडे नेमके शब्द आहेत ते वापरा, केरफरशी, वरकाम, दळण आणणं, पोळ्या लाटायला येणं. जुन्या वाड्यावरचं लिहित असाल तर पाणी भरणारा पाणक्या, स्वयंपाक करणारा आचारी, पंगतीत वाढणारा वाढपी, पडेल ते करणारा हरकाम्या. ऑफिसात शिपाई, आणि हा शब्द मूळचा सैनिकाचा, अजूनही पोलिसात 'पोलीस शिपाई' म्हणजे कॉन्स्टेबल आणि बाजूच्या ऑफिसात 'शिपाई' म्हणजे फायली नेणारा, त्यामुळे नुसतं 'शिपाई' लिहिलं तर वाचणाऱ्याला कुठला ते आजूबाजूनं कळलं पाहिजे.

पायरी 3: क्रियापद तपासा, चोरी बहुतेक तिथेच होते

नाम सगळे जपून लिहितात, क्रियापदात मन दिसतं. तुम्ही ऑफिसला गेला नाहीत तर ती रजा किंवा सुट्टी. घरकामाच्या ताई आल्या नाहीत तर तो खाडा. तोच ताप, तोच दिवस. तुम्हाला दिवाळीत मिळतो तो बोनस, त्यांना मिळते ती पोस्त किंवा बक्षिसी, म्हणजे एकाचा हक्क आणि दुसऱ्यावर मेहेरबानी. तुमची नेमणूक होते, त्यांना 'लावतात' किंवा 'ठेवतात'. आणि 'बाई ठेवली' ह्याचा मराठीत दुसराच अर्थ होतो हे नवख्या लोकांच्या लक्षात येत नाही, मी छापायला चाललेल्या मजकुरात हे वाक्य पकडलंय. 'कामाला बाई लावल्या' हे बोलीत ठीक, लिहिताना 'घरकामाला एक ताई येऊ लागल्या' हे सगळ्यात सरळ.

पात्र जर माजलेलं असेल तर त्याच्या तोंडी 'खाडा' आणि 'ठेवली' जरूर घाला, ते त्याचं बोलणं आहे. निवेदकाच्या तोंडी घालताना थांबा.

अरे-तुरेचंही इथेच बघून घ्या. घरातलं सहा वर्षांचं पोर पन्नाशीच्या गड्याला 'अरे' म्हणतं आणि गडी त्याला 'छोटे मालक, अहो' म्हणतो, एवढ्या एका ओळीत जे कळतं ते पानभर वर्णनात येत नाही. उलट मावशी, मामा, काका, ताई ही नाती लावली की सगळं गोड झालं असंही समजू नका, नाव विचारायचं राहून गेलं म्हणूनही मावशी म्हणतात. शाळेतल्या शिपाईमामांचं आडनाव किती मुलांना माहीत असतं?

पायरी 4: कोण बोलतंय?

पुण्यात 1980 च्या सुमारास घरकाम करणाऱ्या बायका संपावर गेल्या, संघटना बांधली, आणि तिचं नावच 'मोलकरीण संघटना' होतं. म्हणजे ज्या शब्दावर मावशींनी बोट ठेवलं तोच शब्द ह्या बायकांनी बोर्डावर लावला. दोघींचंही बरोबर आहे. मोल घेऊन काम करणारी, फुकट नाही, हा त्या शब्दातला अर्थ त्यांनी पुढे आणला. 'हमाल'चं तसंच, कोणी चिडून 'मी काय तुमचा हमाल आहे?' म्हणतो आणि त्याच गावात हमाल पंचायत अभिमानानं ते नाव लावते. 'माथाडी' हा शब्द माथ्यावर ओझं वाहण्यावरून आला आणि 1969 साली त्या नावाचा कायदा झाला, आज माथाडी म्हटल्यावर ओझ्याइतकीच संघटनेची ताकद आठवते. 'कचरेवाली' आणि 'कचरावेचक' ह्यातला फरकही त्या बायकांच्या संघटनेनंच लोकांच्या तोंडात बसवला.

तेव्हा शब्द चांगला की वाईट हा प्रश्न अर्धवट आहे. तो शब्द स्वतःसाठी वापरलाय की दुसऱ्याच्या अंगावर फेकलाय ते बघा. ज्यांच्याबद्दल लिहिताय ते स्वतःला काय म्हणवतात हे विचारता येत असेल तर विचारा, लाज वाटायचं काही कारण नाही. 'चाकरमानी' बघा, कोकणातून मुंबईला नोकरीला आलेल्या माणसाला गावाकडे हा शब्द लाडानं लावतात, गणपतीत एसटीला गर्दी चाकरमान्यांची. पण त्यातला 'चाकर' काहींना खुपतो, आणि 2025 च्या गणपतीआधी त्याऐवजी 'कोकणवासीय' म्हणा ही मागणी सरकारपर्यंत गेली. कोकणातल्या घरातला संवाद असेल तर मी अजूनही चाकरमानी ठेवीन, बातमी असेल तर ज्यांना खुपतं त्यांचा मान राखीन.

पायरी 5: जातीची पायरी, इथे घाई नको

खालचं काम आणि खालची माणसं हे आपल्याकडे जातीनं एकत्र शिवून टाकलं होतं, हे माहीत नसताना ह्या विषयावर लिहूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. गावकीची कामं, सांगावा नेणं, मेलेलं जनावर ओढणं, सरकारी माणसाचं सामान वाहणं, ही वतन म्हणून महार समाजावर लादलेली होती आणि त्याच्या बदल्यात जमिनीचा तुकडा आणि घरोघर हात पसरून घ्यायचं बलुतं. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात ह्या वतनाविरुद्ध बिल मांडलं, आणि प्रत्यक्षात ही वतनं गेली ती 1958 च्या कायद्यानं, ज्याच्या नावातच 'कनिष्ठ' गाववतनं असा शब्द आहे. तीस वर्षं लागली.

'जोहार' हा नमस्कारही त्याच व्यवस्थेतला, वाकून 'जोहार मायबाप' म्हणायचं. तो टाकून त्याच लोकांनी ताठ मानेनं 'जय भीम' म्हणायला सुरुवात केली. एका अभिवादनाची जागा दुसऱ्यानं घेतली एवढंच म्हणून हे सोडून देऊ नका, शरीर वाकायचं ते सरळ झालं. म्हणून 1940 नंतरच्या पात्राच्या तोंडी काय घालताय हे नीट ठरवून घाला.

प्रत्यक्ष नियम सोपा आहे. जातीचं नाव विशेषण म्हणून, शिवी म्हणून किंवा घाणेरड्या कामाची उपमा म्हणून कधीही वापरू नका, जुन्या म्हणीत असलं तरी. अशा म्हणी आपल्याकडे भरपूर आहेत आणि कोणी 'पण म्हण आहे' म्हटलं तरी ऐकू नका. 'सफाई कामगार' लिहा. वस्त्यांची जातीवरून पडलेली नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारनं 2020 च्या डिसेंबरात घेतला, तेव्हा आजच्या गोष्टीत पत्ता लिहितानाही बघून लिहा. ऐतिहासिक मजकुरात मूळ नाव लागत असेल तर ठेवा, तिथे लपवणं म्हणजे झालेलं पुसणं. पेशवाईच्या कागदांत 'कुणबीण' आणि 'बटीक' हे शब्द येतात, ते 'दासी' करून गुळगुळीत करू नका, त्या विकत घेतलेल्या आणि विकल्या जाणाऱ्या बायका होत्या.

पायरी 6: सरकारी गोड शब्दांना भुलू नका

हे थोडक्यात. सेवक, सेविका, मदतनीस, मानधन. अंगणवाडी सेविकेला पगार मिळत नाही, मानधन मिळतं, शब्दात मान आहे आणि धन बेताचं. शिक्षणसेवक म्हणजे पहिली 3 वर्षं ठरावीक मानधनावर राबणारा पूर्ण शिकलेला शिक्षक. ज्यांच्या हातात बळ होतं त्यांनी हा 'सेवक' झटकलाही, 2024 साली ग्रामसेवक हे पद 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं. मजकुरात सरकारी पदनाम लागेल तिथे तेच लिहा, पण 'मानधन वाढलं' अशी बातमी लिहिताना आकडा शेजारी द्या, शब्दावर सोडू नका.

पायरी 7: वागण्याचे शब्द, वाकण्याचं कारण शोधा

आता नम्र, लीन, लाचार ह्या घोळक्याकडे. इथे मी एकच प्रश्न विचारते, हा माणूस का वाकला?

स्वतःहून, मनानं वाकला असेल तर विनय, नम्रता, लीनता. वारीत लहानमोठा, बाईमाणूस, शहरातला, खेड्यातला सगळे एकमेकांच्या पाया पडतात आणि दोघंही एकमेकांना माउली म्हणतात, दोघंही वाकतात म्हणून कोणीच खाली जात नाही. संत जनाबाई स्वतःला नामदेवांची दासी म्हणवते तेव्हा तिथे दास्य आहे, लाचारी नाही.

रीत म्हणून वाकला असेल तर अदब, मर्यादा, आदर.

भांडण मिटावं म्हणून वाकला असेल तर नमतं घेतलं, पडतं घेतलं. ह्यात शहाणपण आहे, कमीपणा नाही, 'तिनं पडतं घेतलं' हे बहुतेक वेळा तिच्या बाजूचं वाक्य असतं. 'पड खाल्ली' म्हटलं की थोडा पराभव मिसळतो.

अडचणीनं वाकला असेल तर विनवण्या, आर्जवं, काकुळतीला येणं, गयावया करणं, हातापाया पडणं, पदर पसरणं. ह्यांची चढती भाजणी आहे. आर्जवात अजून थोडा मान शिल्लक असतो, गयावयात तो संपलेला. 'लाचार' शब्दाचा मूळ अर्थ उपाय नसलेला, म्हणून अडलेल्या बापाला लाचार म्हणताना तुमच्या वाक्यात त्याच्याबद्दल कणव दिसली पाहिजे, नाहीतर तीच शिवी होते. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ह्या म्हणीत हरी कमी ठरत नाही. मिंधा ह्याहून वेगळा, कोणाचं तरी घेतल्यामुळे ज्याचं तोंड बंद झालंय तो, उपकारांनी वाकलेला.

आणि फायद्यासाठी वाकला असेल तर मात्र शब्दांचा पूर येतो. हुजरेगिरी, हांजी हांजी, लाळघोटेपणा, गोंडा घोळणं, तळवे चाटणं, थुंकी झेलणं, पुढेपुढे करणं, मस्का, चमचेगिरी. 'हुजऱ्या' म्हणजे मुळात हुजुरात, म्हणजे मालकासमोर, हजर असणारा. नुसती मान डोलावणारा तो होयबा किंवा नंदीबैल, दुसऱ्याच्या कह्यात गेलेला तो ताटाखालचं मांजर, पण हे दोघे लाळघोटे असतीलच असं नाही, नंदीबैल बावळट असू शकतो आणि मांजर घाबरलेलं. नवीन लिहिणारे हे सगळे एकाच परिच्छेदात ओततात. एक निवडा.

सगळ्यात मोठी चूक होते ती चौथ्या आणि पाचव्या कारणाची सरमिसळ. पगार अडकलेला कामगार साहेबासमोर हात जोडतो ती हुजरेगिरी नाही. त्याला हुजऱ्या लिहिलं की तुम्ही साहेबाच्या बाजूला जाऊन बसलात.

काही शब्द दोन्हीकडे फिरतात. 'मानाचा मुजरा' म्हणजे आदर, 'दिल्लीला मुजरा' म्हणजे राजकारणातला टोमणा. देवापुढे लोटांगण घातलं तर भक्ती, मंत्र्यापुढे घातलं तर टीका. 'पाया पडला' हा नमस्कार, 'पाय धरले' ही बहुतेकदा गरज. महानुभाव पंथातले लोक एकमेकांना 'दंडवत' म्हणतात तो त्यांचा रोजचा नमस्कार आहे.

पत्रातलं वाकणं तर वेगळंच. सा.न.वि.वि. म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, पण लिहिणारा काही जमिनीवर पडलेला नसतो. 'मे. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी' हेही तसंच, साचा आहे. अशा मजकुराचं दुसऱ्या भाषेत भाषांतर करताना शब्दशः केलं तर अर्जदार केविलवाणा दिसतो, आणि उलट बाजूनं, आज स्वतः अर्ज लिहित असाल तर 'कृपाभिलाषी'ची गरज नाही, 'आपला विश्वासू' पुरे, रेशनकार्ड हा हक्क आहे.

आता एक सराव करून बघा

हे वाक्य घ्या: 'मालकांनी हाक मारताच नोकर धावत आला आणि नम्रपणे उभा राहिला.' ह्यात सगळं आहे आणि काहीच नाही. वाड्यावरचं असेल तर 'धनी हाक मारायच्या आतच हुजऱ्या दारात हजर.' शेतावरचं असेल तर 'पाटलांची हाक ऐकली तसा सालगडी वैरणीचा भारा तिथंच टाकून आला, टोपी काढून हातात धरली.' ऑफिस असेल तर 'बेल वाजली, शिपाई आत गेला, साहेब फाईलमधून वर बघेपर्यंत दाराशी थांबला.' तिन्हीत 'नम्रपणे' कुठेच नाही, टोपी आणि दारच सांगतंय. दुसऱ्या वाक्यात तर मला अजून एक बदल करावासा वाटतो, सालगड्याला नाव द्यावं, पाटलांना आहे तसं.

लिहून झाल्यावर मजकूर मोठ्यानं वाचा, आणि ज्या माणसाबद्दल आहे तो समोर खुर्चीवर बसलाय असं धरून वाचा. जिथे आवाज आपोआप बारीक होतो त्या शब्दावर खूण करा आणि पायरी 1 पासून परत बघा.